गावातले मेडिकल दुकान : परवाना, बिल आणि जाणकार माणूस

गेल्या काही वर्षांत आपल्या बिरादरीतील तिजारतीचे चित्र बदलत चालले आहे. ज्या घरांत माग चालत होते, कापडाचे किंवा किराण्याचे दुकान होते, त्या घरांतील मुले बारावी विज्ञान करून डी.फार्म.कडे वळत आहेत. वडील मंडळी थोडीफार पुंजी काढून त्यांना गावात मेडिकल दुकान टाकून देत आहेत. ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु बरेच व्यापारी बांधव या धंद्याकडे किराण्याच्या नजरेने पाहतात. माल आणायचा, मांडायचा, विकायचा, एवढाच हिशोब करतात. हा हिशोब औषधात चालत नाही. तो का चालत नाही आणि दुकान सुरक्षित व दर्जेदार ठेवायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे या लेखात सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे. आम्ही कापडाचे व्यापारी, औषधांचे नव्हे. म्हणून कायद्यात जे लिहिले आहे आणि जाणकार फार्मासिस्ट मंडळी जे सांगतात, तेवढेच येथे मांडत आहोत.

कापडाची पारख आणि गोळीची पारख

कापडाचे गिऱ्हाईक दुकानात येते तेव्हा कापड बोटांत चोळून पाहते, उजेडात धरते, धागा ओढते. शंका आली तर धागा जाळून सुती आहे की पॉलिस्टर, हेही ठरवते. आम्ही खोटे बोललो तरी कापड खोटे बोलत नाही. पहिल्या धुण्यात रंग गेला तर गिऱ्हाईक दुकानात येऊन भांडते आणि आम्ही कापड बदलून देतो.

गोळीचे तसे नाही. खरी गोळी आणि खडूची गोळी गिऱ्हाइकाच्या हातात सारखीच दिसते. दुकानदारालाही ती नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. शिवाय औषध बिघडलेले असेल तर बदलून घ्यायला गिऱ्हाईक परत येईलच, याचा भरवसा नसतो.

आपल्या महाराष्ट्राने हे १९८६ साली पाहिले आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात रुग्णांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल नावाचे कारखान्यात वापरायचे विषारी रसायन निघाले आणि १४ रुग्ण दगावले. त्याच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग नेमला गेला. रुग्णालयाची खरेदी आणि औषध प्रशासनाची देखरेख या दोन्हींवर आयोगाने कठोर ताशेरे ओढले. पुढे २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात कोल्ड्रिफ नावाच्या खोकल्याच्या औषधाने २० हून अधिक लहान मुलांचे प्राण घेतले. अनेक मुलांना उपचारासाठी आपल्या नागपूरला आणले होते. तमिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेने त्या औषधाचा नमुना तपासला, तेव्हा त्यात तेच रसायन ४८.६ टक्के निघाले. अशा औषधात ते ०.१ टक्क्यापेक्षा जास्त असता कामा नये.

या दोन घटनांमध्ये ३९ वर्षांचे अंतर आहे, पण विष एकच आहे. दोन्ही ठिकाणी घेणाऱ्याला आपण काय पितो आहोत हे कळण्याचा मार्ग नव्हता. म्हणून औषधाचा दर्जा गिऱ्हाइकाच्या पारखीवर सोडता येत नाही. तो दुकानाची जागा, खरेदीचे बिल आणि काउंटरवरचा माणूस यांच्यावरच उभा राहतो.

परवाना, जागा आणि माणूस

औषधांची विक्री १९४० चा औषधे व सौंदर्य प्रसाधने कायदा आणि त्याखालील १९४५ चे नियम यांनुसार चालते. किरकोळ दुकानाला फॉर्म २० व २१ चा परवाना लागतो आणि तो आपल्या राज्यात अन्न व औषध प्रशासन देते. जागा किमान १० चौरस मीटर, म्हणजे सुमारे १०८ चौरस फूट हवी. घाऊक आणि किरकोळ दोन्ही करायचे असेल तर १५ चौरस मीटर हवी. फ्रिज आवश्यक आहे. परवान्याचे नूतनीकरण करण्याची जुनी पद्धत २०१७ च्या दुरुस्तीने गेली. आता दर ५ वर्षांनी ठरलेले शुल्क भरले की परवाना चालू राहतो. शुल्काची तारीख मात्र स्वतःच लक्षात ठेवावी लागते. परवान्याशिवाय औषधे विकल्यास ३ ते ५ वर्षे कैद आणि किमान १ लाख रुपये दंड आहे.

किराणा दुकानदार बांधवांचा येथे प्रश्न असतो की आम्ही डोकेदुखीची गोळी आणि बाम ठेवतो, त्याचे काय? एक हजारापेक्षा जास्त लोकसंख्या नसलेल्या गावात पॅरासिटामॉलच्या गोळ्या, बाम, कापूस, पट्टी अशा काही घरगुती औषधांना कायद्याने परवान्यातून सूट दिली आहे. मात्र तो मालही परवानाधारक होलसेलरकडूनच घेतलेला असला पाहिजे. मोठ्या गावात असा माल ठेवायचा असेल तर त्यासाठी मर्यादित परवाना मिळतो, तो घ्यावा. अँटिबायोटिक किंवा झोपेची गोळी किराण्याच्या बरणीत कोणत्याही गावात चालत नाही.

आता माणसाचा प्रश्न. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच दिले गेले पाहिजे. १९४८ च्या फार्मसी कायद्यानेही हे बंधन घातले आहे. डी.फार्म. दोन वर्षांचे असते, त्यावर ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण आणि मग महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी होते. एवढी मेहनत टाळण्यासाठी बाजारात एक वाईट रिवाज पडला आहे, तो म्हणजे सर्टिफिकेट भाड्याने घेणे. फार्मासिस्ट राहतो शहरात, त्याचे सर्टिफिकेट टांगलेले असते गावच्या भिंतीवर आणि काउंटरवर उभा असतो दहावी झालेला पोऱ्या. महिन्याला ठरावीक रक्कम दिली की काम भागले, असे मालकाला वाटते.

वास्तविक, मालकाने भिंतीवरच्या कागदाला पैसे दिले आणि ज्ञान शहरातच राहिले. चिठ्ठीवरचे औषध चुकले तर ते ओळखणारा माणूस दुकानात नसतो. आणि निरीक्षक आला व फार्मासिस्ट जागेवर नसला तर परवाना निलंबित होऊ शकतो, रद्दही होऊ शकतो. तेव्हा घरात शिकलेला मुलगा किंवा मुलगी असेल तरच मेडिकल टाकावे. नसेल तर पगारी फार्मासिस्ट दिवसभर दुकानात बसेल, अशी सोय आधी करावी. आपल्या घरांतील अनेक मुलीही आता डी.फार्म. करतात. त्यांचे सर्टिफिकेट भिंतीला आणि त्या स्वयंपाकघरात, असे करण्यापेक्षा त्यांनाच काउंटर सोपवावा.

बिलाचा माल आणि बिनबिलाचा माल

खरेदीत मोह फार आहे. सरकारने दर बांधून दिलेल्या औषधांवर २०१३ च्या दरनियंत्रण आदेशानुसार किरकोळ विक्रेत्याचा नफा १६ टक्के धरला आहे. इतर औषधांवर साधारण २० टक्क्यांचा रिवाज आहे. कापडवाल्याला हे कमी वाटते. मग एखादा एजंट मोटारसायकलवर पेटी घेऊन येतो आणि सांगतो, छापील किंमत शंभर, तुम्हाला वीसला देतो, बिल मात्र मागू नका.

असा माल कोठून येतो, याचा विचार करावा. तो चोरीचा असू शकतो, सरकारी दवाखान्यातून बाहेर काढलेला असू शकतो, डॉक्टरांना फुकट वाटायचा सॅम्पल असू शकतो, मुदत पुसून नवी छापलेला असू शकतो किंवा निव्वळ बनावट असू शकतो. सरकारी पुरवठ्याचा आणि सॅम्पलचा माल दुकानात विकण्यास सरळ मनाई आहे. बनावट किंवा भेसळीच्या औषधाने कोणाचा मृत्यू झाला तर किमान १० वर्षे कैद, ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते, आणि दंड किमान १० लाख रुपये आहे.

प्रामाणिक दुकानदाराला मात्र कायद्याने एक ढाल दिली आहे. कायद्याच्या कलम १९ मध्ये ती सांगितली आहे आणि प्रत्येक मेडिकलवाल्याने ती पाठ करावी. औषध खराब निघाले तरी दुकानदाराने तीन गोष्टी सिद्ध केल्या तर तो दोषी ठरत नाही. पहिली गोष्ट, माल परवानाधारक उत्पादक किंवा विक्रेत्याकडून घेतला होता. दुसरी, औषधातला दोष त्याला ठाऊक नव्हता आणि वाजवी काळजी घेऊनही कळला नसता. तिसरी, माल त्याच्याकडे असेपर्यंत नीट साठवला होता आणि जसा आला तसाच राहिला होता. पहिल्या गोष्टीचा पुरावा बिल आहे. बिल नसेल तर ढालच नाही. एजंटाकडून वाचवलेले ऐंशी रुपये त्या दिवशी कामाला येत नाहीत.

बिलाचे आणखी दोन फायदे आहेत. मुदत संपलेला माल स्टॉकिस्ट बिलावरच परत घेतो. दुसरा फायदा त्याहून मोठा आहे. एखादी बॅच खराब निघाली आणि ती थांबवण्याचा हुकूम आला, तर बॅच नंबर लिहिलेली बिले असतील तेव्हाच आपल्याकडे तो माल आला होता का आणि कोणाला गेला, हे तासाभरात सांगता येते. छिंदवाड्यासारख्या प्रसंगी गावचा दुकानदार बाटलीतले विष ओळखू शकत नाही, हे खरे. पण हुकूम येताच उरलेल्या बाटल्या बाजूला काढणे आणि नेलेल्या घरी निरोप पाठवणे त्याच्या हातात असते. त्या एका तासाची किंमत फार मोठी आहे.

माल उतरवताना बिल आणि पेटी समोर ठेवून नाव, बॅच, मुदत, उत्पादकाचा परवाना क्रमांक ताडून पाहावा. १ ऑगस्ट २०२३ पासून खप जास्त असलेल्या ३०० ब्रँडांवर क्यूआर कोड छापणे बंधनकारक झाले आहे. तो मोबाइलवर तपासावा. शाई पुसट आहे, अक्षरात चूक आहे, फॉइल नेहमीपेक्षा वेगळी आहे, असे दिसले तर माल फळीवर ठेवूच नये.

ऊन, ओल आणि फ्रिज

कारखान्यातून चांगले निघालेले औषध दुकानात बिघडू शकते. बहुतेक औषधांवर ३० अंश सेल्सियसच्या खाली ठेवा, असे छापलेले असते. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४२-४५ वर जातो आणि पत्र्याच्या दुकानात तर त्याहून जास्त. कॅप्सूल चिकटतात, मलमे पातळ होतात. बाहेरून चांगल्या दिसणाऱ्या गोळीचाही गुण कमी होतो. पत्र्याखाली फॉल्स सीलिंग घालावे, उन्हाच्या बाजूला फळ्या लावू नयेत आणि ऐपत असेल तर एसी बसवावा. कोकणात शत्रू उन्हापेक्षा ओल आहे. तेथे माल जमिनीपासून वर आणि भिंतीपासून दूर ठेवावा. भिंतीवर एक साधा थर्मामीटर लावून रोज सकाळी आणि दुपारी आकडा वहीत लिहावा. ढालीतील तिसऱ्या गोष्टीचा, म्हणजे नीट साठवणुकीचा पुरावा हीच वही असते.

इन्सुलिन, लसी आणि काही इंजेक्शने २ ते ८ अंशांत ठेवायची असतात. त्या फ्रिजमध्ये कोल्ड्रिंक किंवा घरचे दूध ठेवू नये, कारण वारंवार दार उघडले की थंडावा जातो. इन्सुलिन दारातही ठेवू नये आणि बर्फाच्या कप्प्याला चिकटूनही ठेवू नये. एकदा गोठलेले इन्सुलिन निकामी होते, नंतर ते पातळ झाले तरी उपयोग नाही. वीज गेली तर दार बंद ठेवावे. लांबणार असेल तर बर्फाच्या पिशव्या घातलेल्या डब्यात माल हलवावा. वीज येईपर्यंत काय केले ते लिहून ठेवावे.

आणि गिऱ्हाईक इन्सुलिन घेऊन एस.टी.ने वीस किलोमीटर जाणार असेल तर त्याला ते खिशात ठेवू देऊ नये. थर्मोकोलच्या लहान डब्यात द्यावे, पण बर्फाला थेट लागू देऊ नये. ज्यांच्या घरी फ्रिज नाही त्यांनी मातीच्या मडक्याच्या थंडाव्यात ते कोरडे ठेवावे, असे डॉक्टर लोक सांगतात. हे दोन शब्द दुकानदाराने सांगायचे असतात.

गावात आणखी एक अडचण असते. एकाच शटरखाली मेडिकल आणि कृषी सेवा केंद्र चालते. कीटकनाशकाची आणि औषधाची बाटली एका छताखाली ठेवणे म्हणजे अपघाताला बोलावणे आहे. जनावरांची औषधेही वेगळ्या कपाटात आणि ती फक्त जनावरांसाठी आहेत अशा चिठ्ठीनिशी ठेवावी लागतात.

काउंटरवरची पुडी

आता सर्वांत नाजूक विषय. खेड्यापाड्यांत आजही गिऱ्हाईक येऊन म्हणते, अंग दुखते, तीन वेळची पुडी बांधून दे. दुकानदार बरण्यांतून तीन-चार रंगांच्या सुट्या गोळ्या काढून कागदात बांधतो. पुडीला नाव नाही, बॅच नाही, मुदत नाही. कित्येकदा तिच्यात स्टेरॉइडची गोळी असते, कारण तिने एका दिवसात बरे वाटते आणि गिऱ्हाईक खूश होते. हीच पुडी महिनोन्महिने घेतली की चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. आणि ती एकदम बंद केली तर जीवावर बेतू शकते. मागावर दिवसभर उभे राहणारे आपले कारागीर बांधव या पुडीचे मोठे गिऱ्हाईक आहेत, म्हणून हे स्पष्ट लिहीत आहोत. स्टेरॉइड हे शेड्यूल एचचे औषध आहे, ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाही.

शेड्यूल एच १ त्याहून कडक आहे. १ मार्च २०१४ पासून ते लागू आहे. त्यात वरच्या दर्जाची काही अँटिबायोटिक्स, क्षयरोगाची औषधे आणि झोपेच्या काही गोळ्या येतात. त्यांची वेगळी वही ठेवावी लागते. तिच्यात डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या लिहून ती ३ वर्षे जपावी लागते. क्षयरोगाची औषधे नेणाऱ्या रुग्णाची माहिती सरकारला कळवणेही २०१८ पासून दुकानदाराला बंधनकारक आहे.

चिठ्ठीवरचे औषध नसेल तर त्याऐवजी दुसऱ्या कंपनीचे मनानेच देऊ नये. नियमात त्याला मनाई आहे. डॉक्टरांना फोन करून विचारावे. नावांचा घोटाळाही मोठा आहे. हिवतापाच्या फाल्सिगो आणि फाल्सिटॅब या दोन वेगळ्या औषधांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. औषधांच्या नावांतील सारखेपणा इतर मालापेक्षा जास्त कठोरपणे तपासला पाहिजे, असे न्यायालयाने २००१ मध्ये सांगितले. चिठ्ठीतले अक्षर लागत नसेल तर अंदाजाने औषध देण्यापेक्षा गिऱ्हाइकाला दोन मिनिटे थांबवणे बरे.

औषध दिले म्हणजे काम संपले, असेही नाही. डबीवरचे इंग्रजी आपल्या अनेक आयाबहिणींना वाचता येत नाही. सकाळ-दुपार-रात्र हे मराठीत किंवा उर्दूत पाकिटावर लिहून द्यावे, वाचता न येणाऱ्यास सूर्य-चंद्राची खूण करून द्यावी. सांधेदुखीवर दिली जाणारी मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत. नायमेसुलाइड १२ वर्षांखालील मुलांसाठी २०११ पासून बंद आहे. सर्दीच्या काही जोड-औषधांवर ४ वर्षांखालील मुलांना देऊ नये, असे छापण्याचा आदेश डिसेंबर २०२३ मध्ये निघाला. रमजानच्या महिन्यात साखरेचे रुग्ण गोळी आणि इन्सुलिनच्या वेळा स्वतःच बदलतात. त्यांना महिना सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांकडे पाठवावे, काउंटरवरून सल्ला देऊ नये.

मुदत आणि तपासणी

कापडात जुना माल सेलमध्ये काढता येतो, औषधात येत नाही. मुदत महिना आणि वर्ष अशी छापलेली असेल तर ती त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत धरतात. दर महिन्याच्या एक तारखेला फळ्या तपासाव्यात. तीन महिन्यांत संपणारा माल पुढे घ्यावा किंवा परत पाठवावा. संपलेला माल विक्रीच्या मालापासून वेगळ्या खोक्यात, वर ठळक अक्षरांत विक्रीसाठी नाही असे लिहून ठेवावा. स्ट्रिप कापून देताना मुदत छापलेला भाग शेवटपर्यंत दुकानात राहील, अशा बेताने कापावी आणि गिऱ्हाइकाला मुदत बिलावर लिहून द्यावी.

निरीक्षक नमुना घ्यायला आला तर घाबरू नये. तो नमुन्याची किंमत देतो आणि लेखी सूचना देतो. साधारणतः नमुन्याचे चार भाग होतात. त्यातला एक दुकानदाराला मिळतो, तो सीलबंद जपून ठेवावा. उद्या वाद झाला तर तो उपयोगी पडतो. गिऱ्हाइकालाही कायद्याने हक्क आहे. विकत घेतलेले औषध ठरलेले शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेण्यासाठी कोणीही अर्ज करू शकतो. आपल्या बिरादरीत हा हक्क फार थोड्यांना ठाऊक आहे.

तेव्हा व्यापारी बांधवांना आमचे सांगणे एवढेच. मुलासाठी मेडिकल टाकताना फर्निचर आणि बोर्डवर खर्च करण्यापूर्वी फ्रिज, इन्व्हर्टर आणि फार्मासिस्टचा पगार यांचे पैसे बाजूला काढा. पहिल्या दिवसापासून बिलाशिवाय एक डबीही घेऊ नका. ज्यांची दुकाने आधीच चालू आहेत त्यांनी या आठवड्यात तीन कामे करावीत : परवान्याच्या शुल्काची तारीख पाहावी, मुदत संपलेला माल वेगळा करावा आणि सुट्या गोळ्यांच्या बरण्या काउंटरवरून उचलाव्यात. नफा एकदम वाढणार नाही. पण जेथे पक्के बिल मिळते आणि औषध समजावून दिले जाते, त्या दुकानावर गाव भरवसा ठेवते, आणि खेड्यात धंदा भरवशावरच टिकतो.